कोट धरायला कोण?

डिसेंबरात बेल्जियममध्ये सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. मुले अंधारात शाळेत जातात. जुहर, असर आणि मगरिब इतक्या जवळ येतात की एकीची सतरंजी घडी करून ठेवेपर्यंत दुसरीची वेळ होते. ल्यूवेन शहरात आमचे हे सहावे वर्ष. पहिल्या दोन हिवाळ्यांत आम्ही कामापुरतेच बाहेर पडायचो. मग लक्षात आले की इथले लोक नेमके याच दिवसांत सायकली घेऊन चिखलात उतरतात.

या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. इथल्या डच भाषेत ‘व्हेल्डरायडन’, म्हणजे शेतातली स्वारी. मोसम सप्टेंबर ते फेब्रुवारी. साधारण तीन किलोमीटरचा एक फेरा आखतात. त्यात ओले गवत असते, चिखल, वाळू, झाडांची मुळे आणि वाटेत मुद्दाम आडव्या लावलेल्या फळ्याही असतात. जिथे सायकल चालत नाही तिथे ती खांद्यावर टाकून धावायचे. फ्रान्समध्ये १९०२ साली डानिएल गूसो नावाच्या सैनिकाने अशी पहिली राष्ट्रीय शर्यत भरवली आणि १९५० पासून जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. पण आज या खेळाचे घर म्हणजे फ्लँडर्स, बेल्जियमचा डच बोलणारा भाग. मोठ्या खेळाडूंच्या शर्यती टीव्हीवर दिसतात, आणि हौशी मंडळींच्या शर्यती कुठल्या ना कुठल्या गावाच्या कुरणात चाललेल्या असतात. त्यांत शिक्षक असतात, सुतार असतात, आजोबा झालेली माणसेही असतात.

आमच्या घरात सायकल चालवणारा माणूस एकच, मुलांचे अब्बा. हा लेख मात्र आम्ही दोघे मिळून लिहितो आहोत. वेगवेगळे लिहायला बसलो असतो तर दोन निराळे लेख झाले असते.

अब्बांचे वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. अब्बांची स्वतःची साखर चाळिशीच्या आतच सीमेवर आली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, एका सहकाऱ्याने जुनी सायकल दिली आणि दीड वर्षात साखर खाली आली. इथपर्यंत घरात सगळे खूश होते. मग शर्यती सुरू झाल्या.

पहिला मोसम महागात पडला. धाकटा दोन महिन्यांचा होता. ऑक्टोबरातला शनिवार. रात्रभर पाऊस चालू होता आणि बाळाचे रडणेही. सकाळी मुलांची अम्मी म्हणाली, “आज नका जाऊ.” अब्बा म्हणाले, “पैसे भरलेत. दोन तासांत येतो.” तीन तासांच्या झोपेवर ते गेले. तिसऱ्या फेरीत उतारावरच्या ओल्या मुळावरून पुढचे चाक सरकले आणि सगळा भार उजव्या खांद्यावर आला. कॉलरबोन मोडले. सायकलवाल्यांचे हे हाड नेहमीच मोडते, असे नर्सने हसत सांगितले. घरी कोणी हसले नाही.

सहा आठवडे हात झोळीत होता. बाळाला उचलायचे नाही, बादली उचलायची नाही, मोठीचे दप्तरसुद्धा नाही. रात्री बाळ रडले की अब्बा उठून बसायचे आणि बघत राहायचे, कारण उठणे एवढेच त्यांच्या हातात होते. भांडण मोठ्याने झाले नाही. झाले असते तर बरे होते. एकदाच, पहाटे तीनला बाळाला खांद्यावर थोपटत अम्मीने विचारले, “हे हाड तुमचं मोडलं की माझं?”

व्यायाम हवा, हे आम्हा दोघांनाही मान्य होते. शर्यत हवी का, हा प्रश्न होता. साखरेला चालणेही पुरते. यावर अब्बांकडे उत्तर नव्हते. आवडते म्हणून, एवढेच होते, आणि घरात दोन महिन्यांचे मूल असताना ते म्हणायला जीभ रेटत नव्हती.

डिसेंबरात चिपळूणहून आमच्या अम्मा आल्या, अब्बांच्या आई. नातवाला बघायला आल्या होत्या आणि मुलाच्या गळ्यात झोळी बघितली. “तुझा बाप गेला तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते,” म्हणाल्या आणि दोन दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत. सायकल तळघरात गेली.

१ जानेवारीला मोठीला सुट्टी होती आणि घरात बसून सगळ्यांचीच डोकी जड झाली होती. ल्यूवेनपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर बाल नावाचे गाव आहे. नाव ऐकून अम्मांना हसू आले. तिथल्या बालेनबर्ग टेकडीवर दर नववर्षदिनी मोठी शर्यत होते. दोनदा जगज्जेता झालेला स्व्हेन नेस याच गावचा, आणि शर्यत त्याच्याच नावाची. त्याचा मुलगा तिबोही आता याच खेळात आहे. हा खेळ असा घराघरांतून चालतो. मात्यू व्हॅन डर पूलचे वडील आद्री हेही १९९६ चे जगज्जेते.

गाडी लांब लावून चालत गेलो. हवेत बिअरचा आणि तळणीचा वास होता. इथले बटाट्याचे फ्राईज प्रसिद्ध आहेत, पण जुन्या पद्धतीने ते बैलाच्या चरबीत तळतात, त्यामुळे विचारल्याशिवाय आम्ही घेत नाही. आम्ही खिम्याच्या पॅटिसांचा डबा नेला होता. दोरीला टेकून थर्मासमधला चहा प्यायलो.

रस्त्यावरची शर्यत डोळ्यांसमोरून एकदाच निघून जाते. इथे तेच खेळाडू पुन्हा पुन्हा येतात, आणि इतक्या जवळून जातात की श्वास ऐकू येतो. आधी बायकांची शर्यत झाली. कानापर्यंत चिखलाने माखलेल्या त्या मुली सायकल खांद्यावर घेऊन चढ चढत होत्या. नेदरलँडच्या मारियान व्होस यांनी या खेळाचे जागतिक अजिंक्यपद आठ वेळा जिंकले आहे, असे अब्बांनी मोठीला सांगितले. तिने शांतपणे विचारले, “त्यांना मुलं आहेत का?” आठ वर्षांच्या पोरीने हे कुठून उचलले, ते आम्हा दोघांनाही कळले.

अम्मा मात्र चिखलाकडे बघत होत्या. “ही तर चिखलणी,” म्हणाल्या. “आम्ही भात लावायच्या आधी करायचो ती. फक्त बैल नाहीत.” मग पुरुषांची शर्यत सुटण्याआधी त्यांनी एका बाईकडे बोट दाखवले. खेळाडू रेषेवर थंडीत उभे होते, अंगात जाड कोट. शेवटच्या मिनिटाला त्यांनी कोट काढून आपापल्या माणसाच्या हातात दिले. “तुझा कोट कोण धरतं?” अम्मांनी विचारले.

“कोणी नाही. दोरीवर टाकतो.”

“म्हणजे तू एकटा जातोस.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत, त्यांचे पाय गारठले होते. मगरिबच्या आधी आम्ही घरी पोहोचलो.

त्या रात्री आम्ही वहीचे एक पान काढून बसलो. महिन्यात दोनच शर्यती. आदल्या रात्री घरात कोणाला ताप असला तर शर्यत नाही, पैसे भरलेले असोत वा नसोत. सरावाच्या सायकलचे स्टँड तळघरात, मुले झोपल्यावर, आठवड्यातून दोनदा. बुधवारची संध्याकाळ अम्मीच्या पोहण्याची, आणि ती कोणत्याही कारणाने रद्द होणार नाही. हे शेवटचे कलम दोन रेघा ओढून लिहिले आहे. सायकल न्हाणीघरात धुवायची नाही, हेही आहे. तुंबलेल्या मोरीवरून घरमालकाशी झालेली बोलणी आम्ही विसरलेलो नाही.

कागद पाळणे सोपे गेले नाही. या हिवाळ्यात पाळणाघरातून धाकट्याने आणलेल्या खोकल्याने तीन शर्यती गेल्या, आणि तोच खोकला अब्बांना लागला तेव्हा आणखी तीन आठवडे. ऑक्टोबरात कमावलेला दम डिसेंबरात उरला नाही. जानेवारीत ते परतले तेव्हा शेवटून तिसरे आले. पूर्वी असा दिवस घरभर पसरायचा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आहे. लवकरच तो ऐन मोसमात येईल. तेव्हाचे तेव्हा बघू.

त्या जानेवारीच्या शर्यतीला आम्ही सगळे गेलो होतो. धाकटा गाडीत झोपला होता, अम्मी त्याच्याजवळ. मोठी रेषेपाशी उभी राहिली. एक मिनिट राहिल्याची शिटी झाली. अब्बांनी कोट काढून तिच्याकडे दिला. तो तिच्या गुडघ्यांच्या खाली येत होता, म्हणून तिने तो हातात न धरता अंगात घातला आणि बाह्या वर दुमडून घेतल्या.

“हळू जा,” ती म्हणाली.