आतेनचं ऊन

शेकडो देवांच्या देशात एकच देव मानणारा राजा म्हटला, की आपण त्याला सुधारकांच्या रांगेत बसवून मोकळे होतो. अखेनातेनच्या बाबतीत मला ते जमत नाही.

चौथा आमेनहोतेप म्हणून तो इ.स.पू. 1353च्या सुमारास इजिप्तच्या गादीवर आला. पाचव्या वर्षी त्यानं नाव बदललं, आमुन देवाचं थीब्ज सोडलं आणि नाईलकाठच्या ओसाड माळावर आखेतातेन वसवलं, आजचं अमार्ना. देव एकच, आतेन, म्हणजे सूर्यबिंब. गाभाऱ्यातला काळोख गेला, देवळं उघड्यावर आली. अंड्यातल्या पिल्लाचीसुद्धा आठवण ठेवणारं स्तोत्र रचलं गेलं. इथवर मन हरखतं.

पण तिथली कोरीव चित्रं जरा जवळून बघा. बिंबातून किरणं खाली उतरतात आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक इवलासा हात. काही हातांत जीवनाचं चिन्ह, अंख. ते धरलेलं असतं राजाच्या आणि राणी नेफरतितीच्या नाकाशी. बाजूला वाकून उभ्या असलेल्या चाकरमंडळींपर्यंत ते पोचतच नाही. त्यांनी राजाला भजायचं, राजानं आतेनला. आमुनचे पुजारी हटवले खरे, पण त्यांच्या जागी राजा स्वतःच बडवा होऊन बसला!

मग छिन्नी चालली. आमुनचं नाव दिसेल तिथून खरवडून काढलं गेलं. बापाचं नाव आमेनहोतेप, म्हणजे त्यात आमुन आलाच. तेही सुटलं नाही. बापाच्या नावावर छिन्नी चालवणाऱ्याची श्रद्धा खरी असेलही. मला मात्र तिची धास्ती वाटते.

1887मध्ये अमार्नात मातीच्या पाट्या सापडल्या. परराज्यांशी आणि मांडलिकांशी झालेला दरबारी पत्रव्यवहार, बहुतेक अक्कादी भाषेतला. बिब्लॉसचा मांडलिक रिब-हद्दा सैन्य पाठवा, सैन्य पाठवा म्हणून विनवतो आहे. असीरियाचा राजा तर जाबच विचारतो : माझ्या दूतांना उन्हात का उभं करता, मरायला? (आपल्या देवाचं ऊन कुणाला बाधत नाही, अशी फेरोची समजूत असावी.)

आणि त्याच शहरातल्या साध्या घरांतून बेस आणि तावेरेत या जुन्या घरगुती देवांचे ताईत निघाले. बाळंतपणात, आजारपणात बाया त्यांनाच हाक मारत असणार.

जेमतेम सतरा वर्षांचं राज्य. पुढे गादीवर आलेल्या तुतानखातेनचा तुतानखामुन झाला, राजधानी ओस पडली, नंतरचा फेरो होरेमहेब यानं आतेनच्या देवळांचे दगड थीब्जमधल्या कर्नाकच्या देवळाच्या गोपुरांत भराव म्हणून कोंबले. राजांच्या याद्यांतून अखेनातेन गाळला गेला. ही फेड त्याच्याच नाण्यात झाली, तेव्हा त्याबद्दल मला फारशी हळहळ नाही.

हळहळ वाटते ती अमार्नाच्या उत्तरेकडची एक दफनभूमी उकरली गेली तेव्हा सापडलेल्यांची. कबरी साध्या, बहुतेक सांगाडे 7 ते 25 वर्षांच्या मुलामुलींचे, आणि ओझी वाहून कित्येकांचे मणके त्या वयातच दुखावलेले.