माथेरानच्या लाल वाटांवर

परळमधील अनेक ज्येष्ठांचे चालणे आता जिना आणि फाटकापुरतेच उरले आहे. अशांनाही डोंगरवाट भेटते, ती माथेरानला. दादरहून कर्जत लोकलने नेरळ, तेथून टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे खासगी मोटारींना मज्जाव. सुमारे ८०० मीटर उंचीवरील या पठारावर गर्द झाडीतून जांभ्या मातीच्या वाटा जातात. अमन लॉजहून छोट्या गाडीने बाजारापर्यंत जावे आणि पायांतील बळ शार्लोट तलावाच्या वाटेसाठी राखावे.

चढताना दम लागतो. गुडघ्यांची परीक्षा मात्र उतारावर होते. म्हणून निम्मे बळ शिल्लक असतानाच मागे फिरावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी, पावले लहान टाकावीत, बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवावा. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास वा चक्कर आल्यास तत्काळ थांबून मदत मागावी.

सोबत्याने पुढे न धावता शेजारून चालावे. कोठवर जायचे, हे ज्येष्ठांनाच ठरवू द्यावे. एखादा पॉइंट राहिला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालावेसे वाटले, की सहल सफल झाली.