लोणारचं भकास चित्र

बायकांनी चित्रं काढावीत ती मोराची, कमळाची, फार तर कोकणातल्या कौलारू घराची, असा आपल्याकडे जणू दंडकच आहे. मी लोणार सरोवर काढायला घेतलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, इतकं भकास कशाला? तिन्हीसांजेला बघवत नाही."

पण आई गेल्यापासून माझ्या हातून फुलं उतरेनात. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर उल्केच्या आघातानं काळ्या कातळात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. तळाशी खारं पाणी, त्याचा उग्र दर्प, काठच्या झाडीत पडकी देवळं. २०२० च्या जूनमध्ये सूक्ष्म जीवांमुळे हे पाणी चक्क गुलाबी झालं होतं.

चित्र काढलं टॅब्लेटवर, क्रिटा नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. रंग सांडत नाहीत, ब्रश धुवावे लागत नाहीत. कुकरच्या दोन शिट्यांमध्येही हात चालवता येतो. आकाश, कडे, पाणी, झाडी प्रत्येकाचा थर वेगळा. एक पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही.

भीती दाखवायला घुबड किंवा कवटीच लागते असं नाही. एकेक ओळखीची गोष्ट काढून घ्यावी, की ती आपोआप येते. मी पायवाट ठेवली नाही, माणूस नाही, पाखरू नाही. बघणाऱ्याला अगदी तळाशी उभं केलं, म्हणजे चहूकडून कडे चढतात आणि आकाशाची पट्टीच उरते. ऊन कुठून येतं ते कळू दिलं नाही. सगळे रंग राखेसारखे उतरवले. सावल्यांसाठी वर 'मल्टिप्लाय' थर दिला. त्यातून खालचा रंग दिसतो, पण गडद होऊन. पाणी तेवढं गुलाबी ठेवलं. बारशाच्या झबल्याला शोभणारा हा रंग त्या राखेत मात्र अंगावर येतो.

असली चित्रं घरात कोण लावणार, असं वाटेल. पण अर्नोल्ड ब्यॉकलिन या स्विस चित्रकाराकडून १८८० साली एका विधवा बाईनं 'मृतांचं बेट' हे चित्र मुद्दाम काढून घेतलं होतं. नावेतली शवपेटी आणि पांढऱ्या वस्त्रांतली आकृती तिच्याच सांगण्यावरून आली. पुढे या चित्राच्या छापील प्रती जर्मनीत कितीतरी घरांतून लागल्या.

त्या बाईला काय हवं होतं, ते मला समजतं. लोकांसमोर हसतमुख राहावंच लागतं. मनातला ओसाडपणा ठेवायला निदान एक चौकट तरी आपली असावी.