मिठापुरतं

आमच्या गावाचं नाव सांगितलं की लोक पाण्याचं विचारतात. टँकर लागत नाही म्हणे, शेतीला बोअर घेत नाहीत म्हणे, ऊस लावत नाहीत म्हणे. सगळं खरं आहे. हिवरे बाजार बघायला गाड्या भरून माणसं येतात, वह्या भरून घेऊन जातात. माझा जन्म तिथला. पण पाण्याचं सांगणारे आता पुष्कळ झाले, आणि ते माझ्यापेक्षा बरं सांगतात. मला पाल्याचं सांगायचं आहे.

1972 साली मी सात वर्षांचा होतो. त्या वर्षी पाऊस अजिबात आला नाही असं नाही. एक-दोन सरी आल्या, लोकांनी बाजरी पेरली, ती वीतभर होऊन करपली. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पहाटे निघत, दिवस मावळल्यावर येत. सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची. ती दळून केलेल्या भाकरीला असा वास यायचा की शेजारची गाय तोंड फिरवायची. निदान आम्हा पोरांना तसं वाटायचं. पण नुसती भाकरी गिळायची कशाशी?

डोंगराच्या अंगाला, गावाच्या अगदी कडेला जिजी राहायची. आमच्या भावकीतली नव्हती, जातीतलीही नव्हती. नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही. गावात तिला काय म्हणत ते मी लहानपणीच ऐकलं होतं, आणि अर्थ न कळता एकदा तिच्यासमोर म्हटलंही होतं. तिनं मला मारलं नाही. "पाणी आण जा," एवढंच म्हणाली. आई कामावर जाताना मला आणि धाकट्या भावाला तिच्या दारात सोडून जायची. तशी आणखी तीन-चार पोरं असायची. कुणी कुणाशी काही ठरवलं नव्हतं.

जिजी आम्हाला घेऊन बांधाबांधानं हिंडायची. तिचं म्हणणं असं, की पेरलेलं करपतं, न पेरलेलं उगवतं. पुढे शेतीची पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की तणाला एक सर पुरते आणि बाजरीला ती पुरत नाही, एवढीच ती गोष्ट आहे. पण ही गोष्ट पोटासाठी वापरायची असते, हे पुस्तकात नव्हतं. सह्याद्रीकडच्या रानभाज्या जंगलातल्या. आमच्याकडे जंगल कुठलं? आमची रानभाजी म्हणजे शेतातलं तणच. खुरपणीत जे उपटून बांधावर फेकतात, ते.

टाकळा आधी यायचा. तो फुलावर येण्याआधी, कोवळा असतानाच खुडायचा. सांज झाली की त्याची पानं जोडीजोडीनं मिटतात. आम्हाला ती नमस्कार करतायत असं वाटायचं. तसाच दिसणारा कासविंदा शेजारीच असतो. त्याचं पान टोकाला निमुळतं आणि चोळलं की उग्र वास मारतं. जिजी दोन्ही पानं आमच्या नाकाशी धरायची. "एका खुणंवर खुडायचं न्हाई. दोन खुणा पटल्या तरच." पाथरी मोडली की पांढरा चीक येतो, ही एक खूण. पण चीक तर रुईलाही येतो. म्हणून दुसरी खूण, पान जमिनीला चिकटून गोल पसरलेलं, कडेला दातेरी. मग घोळ, तांबड्या मऊ देठाची, आंबट. तांदुळजा. कुर्डू. पावसाळा सरला की बरबड्याच्या शेंगा झोडून ती दाणे काढायची आणि पिठात मिसळायची. उन्हाळ्यात हातात कापड घेऊन निवडुंगाची लाल बोंडं. ती खाल्ली की आमच्या जिभा आठवडाभर लाल.

रांधणं असं काही नव्हतं. तेल कुठून आणणार? पाला धुवायला पाणीही मोजून. मडक्यात शिजवायचा, पिळायचा, मीठ आणि असली तर मिरची घालून दगडावर रगडायचा. पाथरी मात्र कच्चीच, भाकरीवर ठेवून. तिचा कडवटपणा मिलोच्या वासाला मारून टाकायचा. मी आज कुठल्याही हॉटेलात जेवलो तरी अन्नाची चव या शब्दावर मला तीच आठवते. मी काही तिचा फार गौरव करत नाही. भुकेची चव होती ती.

खुडताना तिचा एकच नियम. शेंडा घ्यायचा, मूळ सोडायचं. भावानं एकदा पाथरीचा अख्खा गड्डा उपटून आणला, मोठ्या फुशारकीनं. तिनं तो तसाच परत नेऊन लावायला लावला. जगला की नाही आठवत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. सुगीला आईनं माझ्या हाती पायलीभर बाजरी जिजीकडे पाठवली. जिजीनं पोतं उघडलं, ओंजळभर बाजरी काढून घेतली आणि बाकीची माझ्या डोक्यावर परत दिली. "तुझ्या आईला सांग, पाला रानाचा होता. मीठ तेवढं माझं होतं. मिठापुरतं घेतलं."

आई ते पोतं पुढ्यात घेऊन बराच वेळ बसली होती. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात. त्या बाईनं मिठाचाही हिशेब त्याच दिवशी चुकता करून टाकला. जागायला मागं काही ठेवलंच नाही.

नंतरची वर्षं गावाची वाईट गेली. दारू, भांडणं, बोडके डोंगर, मुंबई-पुण्याकडे निघालेली माणसं. मीही शिकायला नगरला गेलो. (अहिल्यानगर म्हणायला 2024 पासून शिकतो आहे, जीभ अजून वळत नाही.) 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, श्रमदान सुरू झालं, पाठोपाठ कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. डोंगरावर समतल चर निघाले. जनावर मोकळं सोडायचं नाही, पण विळ्यानं गवत कापून न्यायला मोकळीक. मी सुट्टीला गेलो तेव्हा जिजीला हा नियम समजावून सांगायला लागलो. ती हसायला लागली. "म्हंजी शेंडा घ्या, मूळ सोडा. आत्ता कळलं व्हय गावाला?"

एक गोष्ट लिहायची म्हणूनच हा लेख लिहायला बसलो. अर्ध्याहून जास्त लिहून झालं तरी ती टाळतोच आहे.

नव्वदीत मी नगरला एका कचेरीत कारकून होतो. दोन खोल्यांचं घर, नवा संसार. एका रविवारी सासरकडची माणसं जेवायला यायची होती. सकाळी दारात जिजी. एसटीनं आलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत घोळ आणि पाथरी, पहाटे खुडलेली. दवानं पिशवीची खालची बाजू ओली झाली होती. "सुनंला करून दाखव," म्हणाली, चहा घेतला आणि कुणा नातेवाइकाकडे निघून गेली. बायको पिशवी उघडायला निघाली. मी म्हणालो, राहू दे, आज नको, लोक काय म्हणतील. मंडईतून फ्लॉवर आणि मटार आणले. पाहुणे खूश झाले. पिशवी मोरीच्या कोपऱ्यात राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातून काळं पाणी गळायला लागलं. मी ती बाहेर टाकली.

संध्याकाळी परतीच्या गाडीआधी जिजी पुन्हा आली. "कशी झाली घोळ?"

"चांगली झाली."

"मीठ बेतानं टाकलं ना? तिला कमीच लागतं."

"बेतानंच टाकलं," मी म्हणालो.

तिला कळलं असेल का, हे मी तीस वर्षं स्वतःला विचारतो. रिकामी पिशवी तिनं परत मागितली नाही, एवढं मात्र खरं.

2003 च्या उन्हाळ्यात ती गेली. जिल्ह्यात टँकर फिरत होते. आमच्या गावच्या विहिरींना पाणी होतं.

आता काळ उलटा फिरला आहे. श्रावणात जागोजाग रानभाजी महोत्सव भरतात, टेबलावर पांढरा कपडा, प्रत्येक पाल्यापुढे पाटी. 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत आपल्या जिल्ह्यातली दोन नावं एकदम आली. एक पोपटरावांचं, दुसरं अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं. गावठी बियाणं राखणाऱ्या बाईला तो मान मिळाला याचा मला फार आनंद झाला, आणि त्या संध्याकाळी मी एकटाच गच्चीवर जाऊन बसलो. गंमत आणखी एक आहे. आयात धान्याबरोबर आपल्याकडे आलं असं ज्याबद्दल म्हणतात, त्या काँग्रेस गवताला हटवायला कृषी खातं काय पेरायला सांगतं? टाकळा.

पण पाटीवर नाव लिहिलेली भाजी शेतात राहील याची खात्री नाही. भाऊ गावात शेती करतो. कांद्याला तणनाशक मारतो, सगळेच मारतात. खुरपायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही, मी शहरात पगार घेऊन म्हातारा झालो. फक्त डोंगराकडचा एक बांध मी त्याच्याकडून मागून घेतला. जिजीच्या पडक्या घराच्या वाटेवरचा. त्या बांधावर आणि त्याच्या अलीकडच्या दोन सरींवर फवारा जात नाही. त्या दोन सरींचं जे नुकसान होईल ते मी देतो. भाऊ पैसे घेतो, आणि ते मला बरं वाटतं.

पहिल्याच पावसाळ्यात पाथरी आली, मग घोळ. तिसऱ्या वर्षी बाभळीच्या कुंपणावर करटुलीचे दोन वेल चढलेले दिसले. करटुलीत नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. फुलाखाली बारीक काटेरी गोळी दिसली तर ती मादी. नराच्या वेलाला फळ धरत नाही, म्हणून लोक त्याला वांझ म्हणतात आणि कुंपण साफ करताना आधी तोच उपटतात. जिजीनं तो कधी उपटू दिला नाही. का, ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

भावाच्या सुनेला मी दोन्ही वेल दाखवून ठेवले आहेत. यंदा श्रावणात नराच्या वेलाला भरभरून पिवळी फुलं आली. शेजारच्या वेलाला करटुली लागली, पावणेदोन किलो. सुनेनं ती कांद्यावर परतली, मीठ बेताचं टाकलं.