पाचवा धडा, अक्कलकुवा

अकरावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात पाचवा धडा संस्कृतीचा आहे. सोपा धडा, असं एम.ए.ला असताना सगळेच म्हणायचे. एडवर्ड टायलरची १८७१ सालची व्याख्या फळ्यावर लिहायची: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजात राहून माणूस जे जे कमावतो ते सगळं. मग भौतिक आणि अभौतिक असे दोन भाग पाडायचे. मग भाषा, प्रतीकं, मूल्यं, नियम. क्रोबर आणि क्लकहोन या दोघांनी १९५२ साली संस्कृतीच्या दीडशेहून जास्त व्याख्या गोळा केल्या होत्या, एवढं सांगितलं की वर्ग जरा हसतो आणि तास संपतो. माझ्या वहीत तयारी होती ती एवढीच.

नोकरी तासिका तत्त्वावरची. मी कराडची, सातपुड्याचा नकाशाही नीट पाहिलेला नव्हता. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचं अक्कलकुवा हे तालुक्याचं गाव, पलीकडे थोडं गेलं की गुजरात. घरमालकीणबाई अहिराणी बोलायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दारात येऊन विचारलं, "जेवण व्हयनं का वं माय?" आणि उत्तराची वाट न बघता ताट आणलं. बाजारात चहाच्या टपरीवर तर मला रेल्वे स्टेशनावर उभं असल्यासारखं वाटायचं. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली सुरू केलेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम याच गावात, त्यामुळे देशभरातली मुलं इथे शिकायला येतात. त्यांच्या शेजारी मोलगीहून देवगोई घाट उतरून आलेली माणसं, किराणा दुकानातले मारवाडी, खापरचे व्यापारी, आणि एसटीची वाट बघणारी मी.

वर्गात मी फळ्यावर तक्ता आखला. वरच्या बाजूला समाज, डाव्या बाजूला घटक: भाषा, अन्न, पोशाख, सण, धर्म, नियम. बहुसांस्कृतिक समाज हे शब्द पुस्तकात होते आणि पुढ्यात तो समाज बसला होता. रकाने भरायचे की झालं, असं वाटलं.

भाषेच्या ओळीतच गाडी अडली. वसावे आडनावाचा एक मुलगा उठला. घरी देहवाली, म्हणाला. आई धडगावकडची, ती पावरी बोलते. बाजारात अहिराणी, कापडाच्या दुकानात गुजराती, इथे मराठी, मोबाइलवर हिंदी. "मॅडम, एकच लिहायची का?" त्याच्या मागच्या बाकावरची मुलगी उर्दू घरातली, आजीशी गुजराती बोलणारी, आणि वडिलांच्या धान्याच्या दुकानात गल्ल्यावर बसली की देहवालीत भाव करणारी. तिने हात वर करून सांगितलं की तिचीही एकच नाही.

मी खोलीवर येऊन जनगणनेचे आकडे काढले. २०११ सालच्या जनगणनेत भिली किंवा भिलोडी या एका नावाखाली देशभरात एक कोटी चार लाखांच्या वर माणसं नोंदलेली आहेत. वर्गात ज्या बोलींना मुलं वेगवेगळी नावं देत होती, त्यांतल्या कितीतरी त्या एका नावात जाऊन पडल्या. आणि तरी भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. संथाली आहे, तिचे बोलणारे त्याच जनगणनेत त्र्याहत्तर लाखांच्या वर. संस्कृत आहे, तिचे पंचवीस हजारांच्या आत. हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. आश्चर्य फक्त मला वाटत होतं. मुलांना त्यात नवीन काही दिसलं नाही. सरकारी कागदावर आपलं नाव वेगळं लागतं, एवढं त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

मग गावांचा प्रश्न आला. एकीचं आजोळ गुजरातेतल्या सागबाऱ्याकडे. तिचे मामेभाऊ गुजरातीत शिकतात. महाराष्ट्र आणि गुजरात १ मे १९६० रोजी वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशच्या अक्कलकुवा, तळोदा, नंदुरबार, नवापूर या तालुक्यांमधली काही गावं गुजरातेत गेली. सोयरीक काही गेली नाही. शिवाय या सगळ्या आदिवासींची कुलदेवी याहा मोगी, तिचं देवमोगरा तिकडे, सागबारा तालुक्यात. महाशिवरात्रीला इकडची माणसं टोपलीत नवं धान्य घेऊन तिच्या यात्रेला जातात. आपण राज्य ओलांडतोय असं त्यांतल्या कुणाच्या मनात येत असेल, असं मला वाटत नाही. तो विचार माझ्यासारखीच्याच मनात येतो, कारण एसटीचं तिकीट हद्दीवर बदलतं.

धर्माच्या ओळीत मी निदान आदिवासी मुलांसाठी एकच रकाना पुरेल असं धरलं होतं. तोही फाटला. एकाच्या घरी देवाला मोहाच्या दारूची धार लागतेच. त्याच्याच आडनावाच्या, त्याच्याच बाकावरच्या मुलाच्या घरात मात्र दारू आणि मटण पणजोबांच्या वेळेपासून बंद. तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात आरती आणि व्यसनमुक्तीची चळवळ चालवली, तिच्यातलं हे घर. तिथे भेटल्यावर "आप की जय" म्हणतात. दोघं मित्र एकमेकांच्या घरी जेवतात का, असं मी विचारलं. "जेवतो ना. तो माझ्याकडे भाजीभाकरी खातो," दुसरा म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, हे त्याला कळेना.

सणांच्या ओळीने मला खरोखर रडकुंडीला आणलं. हजेरीसाठी विचारलं, होळीची सुट्टी कुणाकुणाला हवी? प्रत्येक गावाने वेगळी तारीख सांगितली. मला वाटलं पोरं बनवतायत. पण सातपुड्यात होळी सगळीकडे एका रात्री पेटत नाही. एका गावाची झाली की दुसऱ्याची, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. गावदिवाळीही तशीच. गाव बसून ठरवतं, आणि ती पंचांगातल्या दिवाळीनंतर कितीतरी दिवसांनी असू शकते. आमच्याकडे सण तारखेने येतो आणि माणसं धावतपळत गाठतात. इथे माणसं आधी, तारीख मागून. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं परतली पाहिजेत, हेही त्यात असतं.

काठीची राजवाडी होळी मात्र पौर्णिमेच्या रात्रीचीच. काठी हे जुनं मेहवासी संस्थान, अक्कलकुवा तालुक्यातच. एका विद्यार्थिनीच्या काकांनी त्या वर्षी बुध्या होण्याचा, म्हणजे होळीत रात्रभर नाचण्याचा, नवस केला होता. काही दिवस आधी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मी त्यांना बाजेवर जागा करून दिली. ते हसले आणि खाली मातीत बसले. नवसाची पालनी चालू होती. ती पाळणाऱ्याने बाजेवर झोपायचं नाही, आंघोळ करायची नाही, ब्रह्मचर्य राखायचं. काय खायचं आणि कुणाच्या हातचं, तेही ठरलेलं. मी विचारलं, कंटाळा येत नाही? त्यावर त्यांनी मला नवस सांगितला. तो घरचा आहे, इथे लिहीत नाही.

होळीच्या रात्री काठीला डोंगराडोंगरांतून माणसं उतरत होती. ढोल इतके की पोटात वाजत होते. अंगभर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं, असे बावा आणि बुध्या रात्रभर नाचत होते. मध्ये उभा केलेला उंच बांबू. पहाटे होळी पेटली. शहरांतून आलेल्या लोकांचे कॅमेरे टोपांवर आणि ठिपक्यांवर रोखलेले होते, आणि का नसावेत, दृश्य तसंच होतं. काकांना मी ओळखलं ते त्यांच्या पुतणीने बोट दाखवलं म्हणून.

माझ्या तक्त्यात ही रात्र "नृत्य" या रकान्यात बसणार होती. पोशाख भौतिक, श्रद्धा अभौतिक. पण टोप तर कुणीही घालू शकतं; सरकारी महोत्सवात घालतातही. पालनीशिवाय घातला तर तो नुसता टोप राहतो. त्या रात्री काका जे होते ते मातीत बसून काढलेल्या त्या दिवसांमुळे होते, आणि त्याचा फोटो निघत नाही. मला तेव्हापासून असं वाटू लागलं की घटकांची यादी करताना आपण नेमकं दुकानात मांडता येईल तेवढंच मोजतो. माणसाने काय करायचं नाही, कुणासाठी करायचं नाही आणि मोडलं तर कुणाला तोंड द्यायचं, हा भाग यादीत "नियम" म्हणून सगळ्यात खाली, एका ओळीत उरकलेला असतो.

म्हणून नियमांचा तास मी लांबवला. तिथे फजिती झाली ती माझ्याच प्रांताची. इथे लग्नात देज असतं. मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. मी आमच्याकडचा हुंडा सांगितला. वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मुलगीपण द्यायची, वर पैसेपण?" तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कणव होती. तेवढ्यात दुसरी तिच्यावर उखडली: देज वाढत चाललंय, मुलगे कर्ज काढतात आणि मग बायकोला तेच ऐकवतात, ते कुठे चांगलं? दोघींचं जोरदार भांडण झालं, अर्धं देहवालीत, अर्धं मराठीत. एका समाजाचं एकच मूल्य असतं असं पुस्तकातल्या वाक्यावरून वाटतं. इथे एकाच बाकावर दोन निघाली.

ऊसतोडीला आईवडिलांबरोबर कराडकडे जाऊन आलेला एक मुलगा वर्गात होता. मी त्याला म्हटलं, आता तू आमची संस्कृती लिही. त्याने लिहिलं: कारखान्याचा भोंगा, ट्रॅक्टरवरची मोठ्याने लावलेली गाणी, वडापाव, गणपती, रात्री वाडं बांधणाऱ्या बायका. घराच्या आतलं काहीच नव्हतं. मी कारण विचारलं. "आत कुणी बोलावलं नाही, मॅडम." ओळींमध्ये चूक एकही नव्हती. ती वही मी तपासायला घरी आणली आणि तशीच परत दिली, सही करून.

परीक्षा जवळ आली तसे सगळे व्यवहारावर आले. "संस्कृतीचे घटक स्पष्ट करा" हा प्रश्न आला तर लिहायचं काय? मी म्हटलं, आधी पुस्तकातले घटक लिहा, गुण त्यालाच आहेत. मग खाली आपल्या गावातला एक नियम लिहा, तो कोण पाळतं, कुणाला सवलत असते आणि मोडला तर पंच काय करतात.

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "दंड किती, तेही लिहायचं का?"

"लिही," मी म्हटलं. "आणि तो कोण भरतं, तेही."