प्रायमरी तयार करताना
आज पोस्टग्रेसच्या प्रायमरी सर्व्हरवर रेप्लिकेशन बसवलं. सेटिंग्ज तशी थोडीच. आवृत्ती 10 पासून वॅल (राइट-अहेड लॉग, म्हणजे बदलांची नोंद) लेव्हल मुळातच 'रेप्लिका' असते. वेगळा युजर केला आणि पीजी एचबीए फाइलमध्ये फक्त स्टँडबायचा, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा, आयपी दिला. तिथे सगळ्यांना दार मोकळं ठेवणारी ओळ टाकणं मला कधीच पटत नाही. कारण रेप्लिकेशनच्या युजरला अख्खा डेटा उचलून नेता येतो.

डोकं खाल्लं ते रेप्लिकेशन स्लॉटने. स्लॉट असला की स्टँडबायकडे पोचेपर्यंत प्रायमरी वॅलच्या 16 एमबीच्या फाइली राखून ठेवतो. स्टँडबाय बंद राहिला तर त्या साचत जातात, डिस्क भरते आणि धडधाकट प्रायमरीच बसतो. आवृत्ती 13 पासून त्यावर मर्यादा घालता येते, ती घातलीच. मर्यादा ओलांडली तर कदाचित स्टँडबाय नव्याने उभा करावा लागेल, पण लोकांचे व्यवहार थांबणार नाहीत. माझ्या लेखी तेच आधी.

संध्याकाळी पीजी स्टॅट रेप्लिकेशनमध्ये 'स्ट्रीमिंग' दिसलं, तेव्हा जिवात जीव आला. सिंक्रोनस रेप्लिकेशन मात्र अजून सुरू केलेलं नाही. एकुलता एक स्टँडबाय गेला, तर प्रत्येक कमिट अडकून बसेल. दुसरं मशीन मिळालं की बघू.