माळ्यावरची दोन खोकी

येवल्यात संक्रांत एका दिवसाची नसते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव हातात आसारी घेऊन गच्चीवर असते. आमचे दुकान कापडाचे. तरी जानेवारी लागला की पुढच्या फळीवर पतंग आणि मांजा येई. वडिलांच्या काळी तो सुती होता. नायलॉनचा मीच आणला. स्वस्त, न तुटणारा, आणि नफाही बरा.

त्याच तीन दिवसांत आमच्या घरची मंडळी जखमी पक्षी उचलून आणीत, हळद लावीत, टोपलीखाली ठेवीत. सकाळी विकायचे आणि सायंकाळी मलमपट्टी करायची, यातली विसंगती मला कित्येक वर्षे दिसली नाही.

ती दिसली मुनीमजींमुळे. करीच्या दिवशी दुचाकीवरून घरी जाताना त्यांच्या गळ्यात हिरवा दोरा अडकला. हनुवटीखाली अकरा टाके पडले. भेटायला गेलो तर हलक्या आवाजात म्हणाले, “शेठ, आपल्याच दुकानातला असेल असे थोडेच आहे?” मी मान खाली घालून उठलो. हिरवे रीळ आमच्याच फळीवर होते.

सुती दोरा ताण पडताच तुटतो. नायलॉन नुसता ताणला जातो आणि गाडीच्या वेगाने कातडीत उतरतो. सण सरला तरी झाडांवर, तारांवर तो लोंबकळत राहतो. जुलै 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. उरलेली दोन खोकी तेव्हा माझ्या माळ्यावर होती. पुढच्या पौषात एकाने दुप्पट भाव देऊ केला. खोटे कशाला सांगू, मी एक रात्र विचार केला. सकाळी खोकी नगरपालिकेत जमा केली.

मग आम्ही काही दुकानदार एकत्र बसलो. “आपण नाही विकला तर दुसरा विकेल,” हा आक्षेप आलाच, आणि तो खोटाही नव्हता. म्हणून विक्री थांबवण्यावरच न थांबता भोगीआधी चौकात वेल्डर बसवला. येईल त्याच्या दुचाकीला हँडलवर तारेची कमान फुकट. संक्रांतीनंतर मुलांनी झाडांवरचा गुंता काढून आणायचा, गुंत्यामागे एक वही. तारांवरचा मात्र वीज कंपनीच्या माणसांनीच काढायचा, हे मुलांना दरडावून सांगितले. पहिल्या वर्षी वह्या कमी पडल्या.

कमान बसवून घ्यायला मुनीमजी पहिल्या दिवशी आले. मफलर मात्र ते अजून चैत्रातही सोडत नाहीत.